शहाद्याला एक ड्रिल लाइन हवी

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरतजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बुलेट ट्रेनचा पहिला पोलादी पूल उभा राहिला. लांबी ७० मीटर, वजन ६७३ टन. हाच महामार्ग पुढे सोनगडवरून नवापुरात शिरतो आणि नंदुरबार जिल्ह्याचा दक्षिण भाग ओलांडून साक्री, धुळ्याकडे जातो. म्हणजे पुलाची जागा नवापूरकरांच्या शेजारची. पुलाचे सुटे भाग मात्र दिल्लीजवळच्या हापूडला तयार झाले आणि ट्रेलरवर चढून साधारण १,२०० किलोमीटरचा प्रवास करून सुरतेला आले. नडियाडजवळच्या पुढच्या पुलाचे भाग भुजकडून आले, सिल्वासाजवळच्या पुलाचे तर थेट तिरुचिरापल्लीहून. मुंबई–अहमदाबाद मार्गावर असे २८ पोलादी पूल आहेत आणि त्यांतले ११ महाराष्ट्राच्या वाट्याला आले आहेत.

मुंबईतही तेच. अंधेरीच्या गोखले पुलाचे गर्डर हरियाणातल्या अंबाल्यात बनले. जुलै २०२३ मध्ये अंबाल्यात पूर आला आणि अंधेरीकरांची वाट आणखी लांबली. सागरी किनारा मार्ग वरळीच्या सागरी सेतूला जोडणाऱ्या दोन अजस्र कमानींचे भागही अंबाल्याहून आले आणि न्हावा बंदरात जोडले गेले. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूच्या पोलादी पेट्या तर जपान, व्हिएतनाम, म्यानमार अशा देशांतल्या कारखान्यांत तयार झाल्या.

पोलाद देशात भरपूर आहे. वेल्डर महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि चांगले आहेत. तरीही पूल इतक्या लांबून आणावे लागतात. मोठे शेड, मोठ्या क्रेन, रेल्वेची मान्यता, भांडवल ही कारणे उघड आहेत. त्यांच्या मुळाशी एक साधी क्षमता आहे, आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. लोखंड ठरल्या लांबीला कापणे आणि त्यात ठरल्या जागी भोक पाडणे, ही दोन कामे यंत्रावर, मिलिमीटरच्या हिशेबात, हजारो वेळा न चुकता करता यावी लागतात. ज्या भागात हे होते, तिथे पुलाची, टॉवरची, कारखान्याच्या सांगाड्याची कामे जातात. ज्या भागात होत नाही, तिथल्या तरुणांच्या वाट्याला तयार भाग उतरवून घेण्याचे आणि रंग मारण्याचे काम उरते. खानदेशाने हे आता मनावर घ्यायला हवे, आणि सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यापासून करायला हरकत नाही.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावाचा लोखंडाशी रोजचा संबंध येतो. ऊस, केळी, पपई, कापूस यांचा हा पट्टा. उसाची ट्रॉली, माल ठेवायची शेड, जिनिंगचे छप्पर, घराचा जिना, शाळेचे गेट, सगळे तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून येते. अशा दुकानात आर्क वेल्डिंगचे मशीन असते, गॅस कटरचा सेट, कटऑफ मशीन, ग्राइंडर, हँड ड्रिल, आणि धंदा बरा चालला असेल तर मॅग्नेटिक ड्रिल. ड्रॉइंग असेल तर ते बघून टेपने माप घ्यायचे, खडूने रेघ ओढायची, सेंटर पंच ठोकायचा आणि ड्रिल लावायचे. प्लेट जाड असेल किंवा गिऱ्हाईक दारात उभे असेल, तर भोक गॅसनेच जाळून काढायचे. उभारणीच्या वेळी वरची आणि खालची भोके जुळली नाहीत, तर पुन्हा गॅस, पुन्हा ग्राइंडर, आणि वर मोठा वॉशर.

या कारागिरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मजुरी किलोवर ठरते. एका भोकाला किती वेळ लागला, हे बिलात कुठेच दिसत नाही. शिवाय ट्रॉलीला एवढे पुरते, कारण ट्रॉली मुख्यतः वेल्डिंगवर उभी असते आणि बिघडली तर त्याच दारात परत येते. पुलाचे, यारीच्या गर्डरचे किंवा शंभर फूट रुंद शेडचे तसे नसते.

बांधकामातल्या पोलादासाठी देशात आयएस ८०० हे मानक आहे आणि त्याची सध्याची आवृत्ती २००७ सालची आहे. बोल्टसाठीची भोके गॅसने कापू नयेत, असे हे मानक सांगते. कारण सरळ आहे. ज्वाळेने भोकाची कड ओबडधोबड होते आणि कडेजवळचे पोलाद तापून, थंड होऊन कडक, ठिसूळ बनते. भार एकदाच येऊन थांबला तर बरेचदा निभावते. पण रेल्वे गेली की वाकायचे, पुढे गेली की सरळ व्हायचे, असे लाखो वेळा घडले की अशाच कडेतून चीर फुटते. पंचिंग मशीनने भोक ठोसून काढतानाही कडेच्या पोलादावर ताण येतो, म्हणून जाड आणि जास्त ताकदीच्या पोलादात त्यावर बंधने आहेत. भोक ड्रिलनेच पाडलेले उत्तम.

दुसरी गोष्ट मापाची. २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ मिलिमीटरचे भोक धरले जाते. म्हणजे चुकायला मोकळीक फक्त २ मिलिमीटरची. एका सांध्यात तीन प्लेटा आणि वीस बोल्ट असतील, तर साठ भोके त्या २ मिलिमीटरच्या आत एकमेकांवर यायला हवीत. काही भोके सरकली, तर जे बोल्ट आधी टेकतात त्यांच्यावर जास्त भार येतो आणि उरलेले नुसते जागा अडवतात. वरून बघणाऱ्याला वीसच्या वीस बोल्ट घट्ट दिसतात. ड्रॉइंगमधला हिशेब मात्र तिथे उरलेला नसतो.

ड्रिल लाइन म्हणतात ते यंत्र इथे काय करते, ते पाहण्यासारखे आहे. काम सुरू होते संगणकावर. संपूर्ण पुलाचे किंवा शेडचे त्रिमितीय मॉडेल बनते, त्यात प्रत्येक बीम, प्रत्येक प्लेट आणि प्रत्येक बोल्ट असतो. फिनलंडमध्ये जन्मलेले टेक्ला हे या कामाचे सर्वांत परिचित सॉफ्टवेअर. मॉडेलमधून प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल निघते आणि तिचा साचा जर्मनीतल्या पोलाद बांधकाम संघटनेने ठरवून दिलेला आहे. त्यामुळे पुण्यात बसून काढलेली फाइल इटलीचे यंत्रही वाचते आणि चीनचेही. बारा मीटरचा बीम रोलरवरून सरकत आत येतो. सेन्सर त्याचे टोक शोधतो. एक ड्रिल वरून, दोन बाजूंनी, असे तीन ड्रिल एकाच वेळी बीमच्या तिन्ही अंगांवर चालतात. कार्बाइडच्या टोकातून थंड द्रव फवारत राहतो आणि हँड ड्रिलवर घाम काढणारे भोक काही सेकंदांत आरपार होते. पुढे बँड सॉ हव्या त्या कोनात बीम कापतो, जिथे खाच हवी तिथे प्लाझ्माची ज्योत फिरते, आणि शेवटी तुकड्यावर त्याचा क्रमांक कोरला जातो. खडू नाही, सेंटर पंच नाही.

यातली एक बारीक गोष्ट खास कौतुकाची आहे. रोलिंग मिलमधून आलेला बीम कधीच अगदी सरळ नसतो. थोडा वाकलेला असतो, थोडा पिळलेला. जुना फिटर हे डोळ्याने ओळखायचा आणि रेघ ओढताना तेवढे सांभाळून घ्यायचा. आजचे चांगले यंत्र बीमला आधी स्पर्श करून तो खरोखर कुठे आहे ते मोजते, आणि मगच ड्रिल खाली आणते. फिटरची ती नजर यंत्र बनवणाऱ्यांनी दुर्लक्षित केली असती, तर या यंत्रांचा कुणालाच उपयोग झाला नसता. इटलीची फिसेप १९३० पासून या क्षेत्रात आहे, नेदरलँड्सची फोर्टमन, अमेरिकेची पेडिंगहाउस ही इतर मोठी नावे, आणि अलीकडे चिनी यंत्रे बऱ्याच कमी किमतीत मिळू लागली आहेत.

अशा यंत्रांचे काम सातपुड्यातल्या माणसाने पाहिलेले आहे, यंत्र पाहिले नसले तरी. नर्मदेवरच्या सरदार सरोवराची वीज ४०० केव्हीच्या वाहिनीने धुळ्याकडे येते. या धरणात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मिळून ३३ गावे बाधित झाली आणि त्या बदल्यात महाराष्ट्राला धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा मिळाला. त्या विजेचे मनोरे डोंगरात उभे करायचे म्हणजे क्रेन नाही, रस्ता नाही, अनेक ठिकाणी लोखंड माणसांच्या खांद्यावरून चढवायचे. तिथे भोक चुकले म्हणून ड्रिल लावण्याची सोय नसते. सोय असली तरी लावून चालत नाही, कारण मनोऱ्याच्या अँगलवर जस्ताचा थर चढवलेला असतो आणि नवे भोक पाडले की तिथले जस्त जाऊन गंज धरतो. म्हणून सगळी भोके कारखान्यात, जस्त चढवण्याआधी, यंत्रावर पाडली जातात. डोंगरावर लागतो तो पाना आणि चढणारे हात. १९४५ मध्ये मुंबईत कमानी इंजिनिअरिंग म्हणून सुरू झालेल्या केईसीचा असा मनोऱ्यांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. ज्योती स्ट्रक्चर्सने हेच काम नाशिकला केले. म्हणजे हे तंत्र महाराष्ट्राला परके मुळीच नाही. ते खानदेशाच्या वेशीपर्यंत येऊन थांबले आहे.

अचूकतेचा आग्रह तर संगणकाच्या कितीतरी आधीचा. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ मध्ये पूर्ण झाला. त्याचे १८,०३८ भाग शहराबाहेरच्या लव्हालवा-पेरे इथल्या कारखान्यात बनले आणि भोकांच्या जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत काढल्या गेल्या होत्या. एखादा भाग जागेवर बसला नाही, तर त्याला तिथेच घासून बसवायचा नाही, कारखान्यात परत पाठवायचा, असा शिरस्ता होता. हे शक्य झाले ते हजारो ड्रॉइंगे काढणाऱ्या माणसांमुळे. आजच्या यंत्राने त्या माणसांचे कष्ट कमी केले, पण आधी ड्रॉइंगवर पक्के व्हायचे आणि मगच लोखंडाला हात लावायचा, ही पद्धत तीच राहिली.

खानदेशाच्या हाकेच्या अंतरावर मनमाडला ही पद्धत शतकाहून जुनी आहे. तिथला रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना १९०६ सालचा, आणि तो पुलांचे गर्डर बनवण्यासाठीच उभारलेला. भायखळ्याला रिचर्डसन अँड क्रुडास ही लोखंडी बांधकामाची कंपनी तर १८५८ पासूनची. या राज्याने लोखंड जोडण्याची विद्या लवकर शिकली. मग ती ठरावीक शहरांत अडकून पडली. मुंबईतल्या जमिनीची किंमत लोखंडाच्या कामाला परवडेना तेव्हा ते काम राज्यातल्या लहान शहरांत यायला हवे होते. त्यातले बरेचसे राज्याबाहेर गेले.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. दरवर्षी हजारो माणसे इथून गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर जातात. पण पदरात काहीच नाही, असेही नाही. उधना–जळगाव लोहमार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. सुरतसारखी बाजारपेठ या लोहमार्गाने आणि महामार्गानेही जोडलेली आहे. शहाद्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआयमधून वेल्डर आणि फिटर बाहेर पडत असतात. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा साखर कारखाना उभा करणारी सहकाराची परंपराही इथलीच.

तीच परंपरा या कामाला लावावी. बीम ड्रिल करणारी आणि कापणारी पूर्ण लाइन काही कोटींच्या घरात जाते. ती एकट्या फॅब्रिकेशनवाल्याने घ्यायची म्हणजे कर्जात बुडायचे, आणि त्याच्या एकट्याच्या कामाने ती दिवसातले दोन तासही चालणार नाही. शहादा, दोंडाईचा, नंदुरबार, तळोद्याच्या वीस-पंचवीस दुकानदारांनी मिळून संस्था करावी आणि एकच यंत्र सर्वांसाठी चालवावे. लहान उद्योगांच्या अशा सामायिक सुविधा केंद्रांना केंद्राच्या समूह विकास योजनेतून खर्चाचा मोठा हिस्सा अनुदान म्हणून मिळतो, राज्याचीही तशी योजना आहे. दुकानदार आपले लोखंड किंवा आपली फाइल घेऊन येईल, कापून आणि भोके पाडून नेईल, वेल्डिंग आपल्या दुकानात करील. त्याचे गिऱ्हाईक त्याचेच राहील.

पहिला आक्षेप रोजगाराचा असेल, आणि तो खरा आहे. खडूची रेघ ओढणाऱ्या, भोके पाडणाऱ्या हेल्परचे काम हे यंत्र खाते. ते लपवून कुणाचे भले होणार नाही. पण त्या हेल्परचे आजचे काम काय आहे, तेही बघावे. गॅसच्या धुरात वाकून बसायचे, ग्राइंडरच्या ठिणग्या उघड्या डोळ्यांवर झेलायच्या, जुळत नसलेल्या भोकांशी उन्हात झटायचे, आणि हे सगळे हंगामापुरते. भोके जुळू लागली की दुकानदार मोठी शेड, पादचारी पूल, टाक्यांचे स्टँड अशी कामे घेऊ शकतो, जी आज तो घ्यायला धजत नाही. जोडणी, वेल्डिंग, तपासणी, रंग, उभारणी ही माणसांची कामे त्यातून वाढतात. ती त्याच हेल्परला मिळावीत म्हणून प्रशिक्षणाचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरायला हवा. नंतर बघू म्हटले की ते राहून जाते.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे आणि त्याची चर्चा कमी होते. सरकारी अनुदानातून यंत्र येते, उद्घाटन होते, आणि फाइल करून देणारा माणूसच नसल्याने ते झाकून ठेवले जाते. ड्रिल लाइनला सगळ्यात आधी ऑपरेटर लागत नाही, डिटेलर लागतो. इमारतीच्या नकाशावरून प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट मॉडेलमध्ये बसवणारा माणूस म्हणजे डिटेलर. हे काम सहा महिन्यांत अंगवळणी पडते आणि दोन-तीन वर्षांत चांगले येऊ लागते. ते टेबलावर बसून करायचे आहे, त्यामुळे मुलींसाठी या धंद्याचे दार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडते. शहाद्याच्या महाविद्यालयाने आणि नंदुरबारच्या तंत्रनिकेतनाने यंत्र येण्याच्या एक वर्ष आधी डिटेलिंगचा अभ्यासक्रम सुरू करावा. दहा-बारा डिटेलर तयार झाले, तर यंत्राला पोसायचे काम ते सुरतेहून, नाशिकहूनही आणतील. यंत्र रेंगाळले तरी त्यांचे शिक्षण वाया जाणार नाही. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांचे हे काम शहाद्यात बसूनही करता येते.

कामाची ददात पडेल का? जिल्ह्याच्या आसपास बघितले तर साखर कारखान्यांची पावसाळ्यातली दुरुस्ती आहे, जिनिंगच्या आणि गोदामांच्या शेडी आहेत, तापीवरच्या प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या दरवाज्यांची देखभाल आहे, सौर प्रकल्पांचे सांगाडे आहेत. रेल्वेचे पूल पहिल्या दिवशी मिळणार नाहीत. त्यासाठी रेल्वेची मान्यता, वेल्डिंगची पात्रता आणि तपासणीची शिस्त लागते, आणि ती चार-पाच वर्षे लहान कामे चोख करूनच मिळते.

इथे सरकारी खात्यांचा एक वाटा आहे आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही. शाळांची पत्र्याची छपरे, बाजार समितीची शेड, पादचारी पूल अशा कामांच्या निविदांमध्ये भोके गॅसने पाडलेली नसावीत, अशी अट बहुधा कागदावर असते, कारण मानकच तसे आहे. ती तपासली जात नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याने उभारणीआधी दहा सांध्यांची भोके नुसती हाताने चाचपून बघितली, तरी गॅसने जाळलेली कड बोटाला लगेच कळते. असा माल दोन-तीनदा परत गेला, की सामायिक यंत्रावर भोक पाडून घेणे दुकानदाराला स्वस्त वाटू लागेल. आज चोख काम करणारा आणि गॅसने उरकणारा, दोघांनाही किलोमागे एकच दर मिळतो. त्यात चोख काम करणारा टिकत नाही.

जिल्हा उद्योग केंद्राने या पावसाळ्यात शहाद्यात फॅब्रिकेशनवाल्यांची एक बैठक बोलवावी. कुणाकडे महिन्याला किती टन काम आहे, त्यातले किती बोल्टचे आणि किती वेल्डिंगचे, आणि मोठे काम हातचे का गेले, एवढीच माहिती त्यांच्याकडून लिहून घ्यावी. कोणते यंत्र घ्यायचे, बीमचे की प्लेटचे की अँगलचे, हे त्या आकड्यांवरून ठरेल. कदाचित पहिले यंत्र साधे प्लेट ड्रिलिंगचेच घ्यावे लागेल, कारण शेडच्या बेस प्लेटा आणि सांध्याच्या प्लेटा हेच आज सगळ्यात जास्त चुकते. ते यंत्र तुलनेने स्वस्त असते, जागा कमी लागते आणि पहिल्या हंगामातच त्याला काम मिळते.